कुठली गाठ? फॉलिक्युलर थायरॉइड कॅन्सर आणि मानेचं ऑपरेशन

आजचा भाग छोटा आहे, पण महत्त्वाचा.

माझ्या ताईच्या थायरॉइडमध्ये गाठ होती. अर्धी थायरॉइड काढली आणि रिपोर्ट आला: फॉलिक्युलर कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, उरलेली अर्धीही काढावी लागेल. लगेच घरात सुरू झालं, "परत ऑपरेशन आहेच, तर मानेतल्या सगळ्या गाठी काढून टाका ना, कटकट नको!" ताई शाळेत शिकवते. आवाजावरच तिची नोकरी. म्हणून मी डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला.

आधी एक गोंधळ सोडवू. आपण दोन वेगळ्या गोष्टींना 'गाठ' म्हणतो. एक, थायरॉइडमध्ये वाढलेली गाठ. दुसरी, लिम्फ नोड. लिम्फ नोड सगळ्यांच्याच मानेत असतात, घसा दुखला तरी सुजतात. ते असणं म्हणजे आजार नाही.

थायरॉइड कॅन्सरच्या १० पेशंटपैकी साधारण ८ जणांना पॅपिलरी प्रकार असतो. तो बऱ्याचदा लिम्फ नोडमध्ये जातो. फॉलिक्युलरचा रस्ता वेगळा. तो पसरलाच तर बहुधा रक्तातून, फुप्फुसांत किंवा हाडांत. लिम्फ नोडमध्ये क्वचितच. म्हणून नोड नॉर्मल दिसत असतील, तर ते सहसा काढत नाहीत. सोनोग्राफीत एखादा संशयास्पद दिसला, तर सुईने तपासतात. त्यात कॅन्सर निघाला, तर त्या भागातले नोड काढतात.

"काढले तर बिघडलं कुठे?" बिघडू शकतं. थायरॉइडच्या मागून स्वरयंत्राची नस जाते. तिला इजा झाली तर आवाज बसतो. तिथेच चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या दुखावल्या तर कॅल्शियम उतरतं, हातापायांना मुंग्या येतात. जितकी जास्त कापाकापी, तितका हा धोका जास्त.

मग सुईच्या तपासणीत कॅन्सर आधीच का नाही कळला? कारण सुईतून फक्त पेशी येतात, आणि त्या साध्या गाठीतल्या पेशींसारख्याच दिसतात. पेशी गाठीच्या आवरणाबाहेर किंवा रक्तवाहिनीत घुसल्यात का, यावर कॅन्सर ठरतो. त्यासाठी अख्खी गाठ काढूनच बघावी लागते. त्यामुळे दुसरं ऑपरेशन लागलं म्हणजे पहिलं चुकलं, असं समजू नका. पूर्ण थायरॉइड काढल्यावर, गरज असेल तर, रेडिओॲक्टिव्ह आयोडीन देता येतं. पुढे थायरोग्लोब्युलिनच्या रक्ततपासणीने लक्षही ठेवता येतं.

ताईची सोनोग्राफी स्वच्छ होती. नोड तसेच ठेवले.

तुमच्या घरात असं काही असेल, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. प्रकार नक्की कुठला? मानेच्या सोनोग्राफीत नोड कसे दिसतात? नोड काढणार असाल तर कशाच्या आधारावर? उत्तरं फोनमध्ये लिहून ठेवा. आणि निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या, माझा पॉडकास्ट ऐकून नाही.

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!