मुलाखतीस जाण्यापूर्वी



आम्हांला आरोग्यावर बोलण्यास सांगितले होते. बोलणार आहोत ते नोकरीवर. कारण निद्रानाशाची तक्रार घेऊन आमच्याकडे येणाऱ्या कित्येक तरुणांचे दुखणे औषधाने बरे होणारे नसते. गावी आईचे दागिने गहाण टाकून एजंटाला पैसे दिलेले, हाती भेटीचा व्हिसा, त्याचीही मुदत संपत आलेली. अशांना गोळ्या काय द्याव्यात?

म्हणून प्रथम हे ऐका. नोकरीसाठी पैसे मोजू नका. अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आहे. भरतीचा खर्च मालकाने करावयाचा, तो कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष घ्यावयाचा नाही, पासपोर्ट अडकवून ठेवावयाचा नाही, असे त्यात स्पष्ट आहे. (घरकामगारांसाठी कायदा निराळा आहे.) भेटीच्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. 'दोन दिवस करून तर पाहा' म्हणणाऱ्या मालकाकडेही जाऊ नये.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्यातील अनेक कुटुंबांनी आडनावे बदलली. परिणामी शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, पदवीवर दुसरे, आणि क्वचित पासपोर्टवर नुसतेच स्वतःचे नाव. पासपोर्टवर एकच नाव असणाऱ्यांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा, आणि पदवीचे साक्षांकन भारत सोडण्यापूर्वीच उरकावे. आम्हा डॉक्टरांची पदवी तर मूळ विद्यापीठाकडून पडताळली जाते. तेथे एका अक्षराचा फरकही अडवितो.

आता मुलाखत. ती घेणारा पुष्कळदा आपल्याच देशाचा असतो. 'मूळचे कुठले? पूर्ण नाव काय?' हा प्रश्न येतो आणि आपला उमेदवार तेथेच आक्रसतो. आम्हीही आक्रसलो होतो. पहिल्या मुलाखतीत आडनाव सांगताना आमचा आवाज बसला, आणि पुढचे तीन प्रश्न आम्हांला ऐकूच आले नाहीत. ती नोकरी आम्हांला मिळाली नाही. दोष कोणाचा, हे आजही सांगता येत नाही.

शिक्षण असले की हा प्रश्न मिटतो, असे आम्ही सांगणार नाही. कोलंबियात व लंडनमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही. मुंबईत सुरू केलेला सल्ल्याचा व्यवसाय जात कळताच बंद पडला. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

तेव्हा नाव पूर्ण सांगावे, स्पष्ट सांगावे, आणि लगेच आपल्या कामाकडे यावे. 'मी कष्टाळू आहे' हे सारेच म्हणतात. 'दोनशे खाटांच्या रुग्णालयात वातानुकूलनाची देखभाल केली, हाताखाली चार माणसे होती', हे ऐकून समोरचा मान वर करतो.

पगार विचारण्यास लाजू नये. एकूण रकमेत मूळ वेतन किती, हे अवश्य विचारावे. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावरच मोजली जाते. पहिली पाच वर्षे दरवर्षी २१ दिवसांच्या वेतनाइतकी. भत्ते फुगवून मूळ वेतन आखडते ठेवणारे पुष्कळ असतात.

भोजनानंतर आम्ही दाराजवळच्या टेबलाशी बसणार आहोत. ज्यांच्या हाती ऑफर लेटर आले असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी ते घेऊन यावे.