माघार नेमकी कोणी घेतली?

(युवा अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘अणुयुगातील महासत्ता आणि नेतृत्व’. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून एकाच प्रसंगावर बोलतो. ऑक्टोबर १९६२, क्युबाचा पेच. स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये तुम्ही त्यावर तीन ओळी वाचल्या असतील: रशियाने क्युबात क्षेपणास्त्रे ठेवली, केनेडींनी खंबीर भूमिका घेतली, ख्रुश्चेव्हनी माघार घेतली. परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळतात. पण तिसरी ओळ अर्धीच खरी आहे, आणि तिचा राहिलेला अर्धा भाग आपल्या फार कामाचा आहे.

१४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-टू विमानाने क्युबावरून फोटो घेतले. १६ तारखेला सकाळी ते केनेडींच्या टेबलावर आले. फ्लोरिडापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर सोव्हिएत अण्वस्त्रे बसवली जात होती. १८ तारखेला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको केनेडींना भेटले आणि क्युबाला दिलेली मदत केवळ बचावासाठी असल्याचे सांगून गेले. म्हणजे ख्रुश्चेव्ह खोटे बोलत होते, यात शंका नाही. पण केनेडीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. आदल्या वर्षी त्यांच्याच सरकारने क्युबावर बे ऑफ पिग्जची फसलेली स्वारी घडवून आणली होती. आणि तुर्कस्तानात, इझमीरच्या परिसरात, अमेरिकेची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रे सोव्हिएत रशियाकडे तोंड करून उभी होती. आपल्या दारात बंदूक आली की ओरडायचे आणि दुसऱ्याच्या दारात आपण ठेवलेली बंदूक विसरायची, हा महासत्तांचा जुना स्वभाव.

केनेडींच्या सल्लागारांत हवाई हल्ल्याची मागणी करणारे बरेच होते. हवाई दलाचे प्रमुख जनरल लीमे यांनी तर १९ तारखेला राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावर म्युनिकची आठवण काढली. म्युनिक म्हणजे १९३८ साली हिटलरपुढे टाकलेली नांगी. त्या पिढीत यापेक्षा वाईट शिवी नव्हती. २२ तारखेला केनेडींनी संसदेतल्या नेत्यांना विश्वासात घेतले, तर सिनेटर रसेल आणि फुलब्राइट यांनीही स्वारीच करा म्हटले. केनेडींनी नाकेबंदी निवडली. का? कारण नाकेबंदीत पुढचे पाऊल टाकायला समोरच्याला वेळ मिळतो, बॉम्ब टाकल्यावर मिळत नाही.

त्या खोलीत कोणालाच माहीत नसलेली एक गोष्ट होती. क्युबात सोव्हिएत सैनिक सुमारे ४२ हजार होते. अमेरिकेचा अंदाज त्याच्या पाव भागाएवढाही नव्हता. आणि त्यांच्याजवळ रणभूमीवर वापरायची छोटी अण्वस्त्रेही होती. स्वारी झाली असती तर किनाऱ्यावर उतरणारी अमेरिकन फौज त्यांच्या तोंडीच गेली असती. तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांना हे कळले १९९२ मध्ये. तीस वर्षांनी! ‘आमच्याकडे सगळी माहिती आहे’ असे कोणी ठणकावून सांगू लागला की मला हे साल आठवते.

२७ ऑक्टोबर हा सर्वांत वाईट दिवस. क्युबावर अमेरिकेचे यू-टू पाडले गेले, वैमानिक मेजर अँडरसन मारला गेला. पाडण्याचा हुकूम मॉस्कोने दिलाच नव्हता, तिथल्या तिथे निर्णय झाला होता. असे झाल्यास त्या तळावर हल्ला करायचा, हे वॉशिंग्टनमध्ये आधीच ठरले होते. केनेडींनी तो थांबवला. त्याच दिवशी दुसरे यू-टू वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. आणि समुद्राखाली बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकन जहाजांनी घेरली होती. तिला वर आणण्यासाठी ते सरावाचे बॉम्ब टाकत होते. आत प्रचंड उकाडा, हवा संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क नाही, आणि एका टॉर्पेडोवर अण्वस्त्र. पाणबुडीवरचे अधिकारी ओर्लोव यांनी पुढे सांगितले, त्याप्रमाणे कप्तान सवित्स्की तो डागण्याच्या तयारीला लागले होते. वासिली आर्खिपोव यांनी त्यांना शांत केले. पाणबुडी पृष्ठभागावर आली. ही हकीकत जगाला कळली २००२ मध्ये. आर्खिपोव १९९८ मध्येच वारले होते.

आपला देश तेव्हा काय करत होता? २० ऑक्टोबरलाच चीनने हल्ला केला होता. यशवंतरावांना मुंबईतून दिल्लीला बोलावले गेले, ते याच युद्धामुळे. पण हे दोन धागे एकमेकांत अडकलेलेही होते. क्युबाच्या ऐन धामधुमीत ख्रुश्चेव्हना चीनशी वाकडे परवडत नव्हते, म्हणून २५ ऑक्टोबरला ‘प्रावदा’ चीनच्या बाजूने झुकला. क्युबाचा पेच सुटला आणि ‘प्रावदा’चा सूरही बदलला. महासत्तेच्या मैत्रीचा भाव दर आठवड्याला बदलू शकतो, हे नेहरूंना त्या महिन्यात समजले असणार.

मिटवामिटवीचे श्रेय दोन नेत्यांनाच दिले जाते. संयुक्त राष्ट्रांचे ऊ थांट यांचे नाव निघत नाही. ब्रह्मदेशातले हे मास्तर. चाळीसहून अधिक अलिप्त देशांच्या आग्रहावरून त्यांनी २४ तारखेला दोन्ही नेत्यांना थांबण्याचे आवाहन केले. त्यामुळे जहाजे थांबवायला ख्रुश्चेव्हना एक सन्मानाचे निमित्त मिळाले. ते अमेरिकेपुढे झुकले नाहीत, संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीला मान दिला! पुढे ऊ थांट हवानाला गेले, तेव्हा त्यांचे लष्करी सल्लागार म्हणून सोबत गेले ते आपले इंदरजित रिखी.

आता तो राहिलेला अर्धा भाग. २७ तारखेच्या संध्याकाळी रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. क्युबातली क्षेपणास्त्रे काढा, आम्ही स्वारी करणार नाही असे जाहीर करू. तुर्कस्तानातली ज्युपिटर चार-पाच महिन्यांत निघतील, पण ते बोलायचे नाही. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवरून ख्रुश्चेव्हनी माघार जाहीर केली. क्युबाला विचारले नव्हते, कॅस्ट्रो संतापले. तुर्कस्तानालाही विचारले नव्हते. ज्यांच्या जमिनीवर ही हत्यारे होती, त्यांना सौदा करताना कोणी मोजले नाही. एप्रिल १९६३ पर्यंत ज्युपिटर गुपचूप निघाली.

इथे मला हुदैबिया आठवते. हिजरी सनाच्या सहाव्या वर्षी मक्केच्या वेशीवरून उमरा न करता परत फिरायचे, मक्केतून पळून येणाऱ्यांना परत पाठवायचे, तहनाम्यावर ‘रसूलुल्लाह’ हे शब्दही लिहायचे नाहीत. हजरत उमर अस्वस्थ झाले, अनेक सहाबा दुखावले. मी माणसांची तुलना करत नाही, ती होऊच शकत नाही. तुलना पद्धतीची आहे. तिथे एक पाऊल मागे घेतले गेले ते सर्वांच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या लोकांची नाराजी अंगावर घेऊन. केनेडींनी शहाणपणाचा सौदा केला, पण तो लपवला. त्यामुळे डोळे वटारले की शत्रू झुकतो, एवढाच धडा अमेरिकन जनता शिकली. माझ्या मते व्हिएतनामच्या चिखलात जाताना हा खोटा धडाही तिच्या बरोबर होता.

आणि लपवण्याची किंमत एका माणसाने मोजली. संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन. क्युबाच्या बदल्यात तुर्कस्तानचा सौदा करावा, असे त्यांनी आतल्या बैठकीत सुचवले होते. डिसेंबरमध्ये एका मोठ्या साप्ताहिकात छापून आले की स्टीव्हन्सनना म्युनिक हवे होते. लेखकांपैकी एक केनेडींचा जवळचा मित्र. जे प्रत्यक्ष केले गेले, तेच सुचवणाऱ्याला भेकड ठरवले आणि करणारा वीर ठरला.

तुम्हाला हे का सांगतो, ते तुम्ही ओळखले असेल. सीमेवर तणाव वाढला की मोहल्ल्यातल्या पोरांनी मोबाईलवर काय लिहावे आणि काय लिहू नये, याची चर्चा आपल्या घराघरांत होते. ‘युद्ध नको’ हे वाक्य दुसऱ्या कोणी लिहिले तर मत असते, आपण लिहिले की संशय. म्हणून काही जण गप्प बसतात, आणि काही जण इतरांहून मोठ्या आवाजात गर्जना करतात. दोन्ही मी पाहिले आहे. गर्जना करणाऱ्यांचा मला राग येत नाही, वाईट वाटते. लिहायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण लिहिलेत तर स्टीव्हन्सनसारखी तयारी ठेवून लिहा.

रॉबर्ट केनेडींच्या आठवणींचे पुस्तक १९६९ मध्ये आले, तेव्हाही त्यातला सौद्याचा स्पष्ट उल्लेख काढलेला होता. तो आपणच काढला, अशी कबुली सोरेन्सन यांनी १९८९ मध्ये दिली. स्टीव्हन्सन १९६५ मध्येच वारले होते.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून सुरुवात करा, तिथली मंडळी मघापासून कुजबुजत आहेत.