मंगळावरील दगडांची परीक्षा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या मंगळावरील दगड शास्त्रज्ञ कसे तपासतात, असे एखाद्या मुलाने विचारले, तर ‘यंत्राने’ एवढे सांगून त्याची बोळवण करू नये. ते यंत्र काय करते, हे जाणण्याजोगे आहे.

अमेरिकेच्या नासा या संस्थेची ‘स्पिरिट’ नावाची सहा चाकी गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरली. तेथे दगडांवर तांबूस धूळ बसलेली असते. वरचा रंग पाहून जात सांगू गेल्यास फसगत व्हायची. म्हणून गाडीच्या यांत्रिक हातास घासणीचे उपकरण होते. ते आधी धूळ झाडी, मग दगड सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत खरवडून आतला ताजा भाग उघडा करी. त्यानंतर कणांची छायाचित्रे घेतली जात व मूलद्रव्ये ओळखली जात. सपाटीवरचे दगड बेसाल्ट ठरले. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही त्याच जातीचा.

पृथ्वीवरून निघालेला संदेश तेथे पोचण्यास ३ ते २२ मिनिटे लागतात. त्यामुळे येथे बसून गाडी हाकता येत नाही; दिवसभराच्या कामाच्या सूचना एकदम धाडाव्या लागतात.

मार्च २००६ मध्ये गाडीचे पुढचे उजवे चाक बंद पडले. मग गाडी उलटी चालवून ते चाक फरफटत न्यावे लागे. २००७ मध्ये त्या फरफटीत जमीन उकरली गेली आणि खाली पांढरी माती दिसली. तपासता तीत सुमारे ९० टक्के सिलिका निघाली. इतकी शुद्ध सिलिका साचण्यास पाणी लागते, मग ते उष्ण झऱ्याचे असो वा ज्वालामुखीच्या वाफेचे. धड चाकाने ही माती दाखविली नसती, असे मला वाटते.

‘अग्निजन्य खडक’ हे शब्द आपण मुलांकडून तत्परतेने पाठ करून घेतो. परंतु तो खडक हाती घेऊन पाहिलेला मुलगा विरळा. शाळेजवळचा एक जुना, झिजलेला दगड वर्गात आणावा. मुलांनी त्याचे वर्णन वहीत लिहावे. नंतर शिक्षकाने तो स्वतः फोडावा (मुलांना दूर उभे करावे, कपची डोळ्यांत जाते) आणि आतला भाग पाहून मुलांनी पुन्हा वर्णन लिहावे. पहिले वर्णन मात्र कोणासही खोडू देऊ नये.