राहत्या घरात घर बांधताना

स्वयंपाक आटोपून, नाहीतर चुलीवर भाजी ठेवून तुम्ही ऐकत असाल. आज घरकुलाबद्दल बोलायचं आहे. अर्ज कुठे द्यायचा आणि कागद कोणते लागतात, ते तुम्हाला आता तोंडपाठ आहे. आज त्याच्या पुढचं बोलू. घरकुल मंजूर झालं, पहिला हप्ता खात्यात आला, आणि घरात माणसं अकरा. शिवाय बैलजोडी, एक गाय, चार शेळ्या. जागा आहे तेवढीच. गावात भाड्याची खोली मिळत नाही, मिळाली तरी एवढं खटलं कोण ठेवून घेणार? वयात आलेल्या पोरींना घेऊन शेतातल्या झोपडीत राहता येत नाही. मग राहायचं तिथेच आणि बांधायचंही तिथेच.

गटांच्या कामासाठी आम्ही ज्या गावांत फिरतो, तिथे अशी घरं पुष्कळ पाहिली. त्यातल्या एका घरात आमचीच चूक झाली. आधी ती सांगतो.

तेव्हा आम्ही या कामात नव्या होतो. घरकुल लवकर पूर्ण व्हावं, पुढचा हप्ता अडकू नये, एवढंच डोक्यात. एका ताईंना सांगितलं, "जुनं पाडा, जागा मोकळी करा, काम झपाट्यानं होईल." त्यांनी ऐकलं. चैत्रात कवेलू उतरवले, मातीच्या भिंती पाडल्या, अंगणात ताडपत्री बांधून संसार खाली आणला. घरच्या माणसांनी चुन्यानं आखणी केली ती चांगली ऐसपैस. योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. यांनी जवळजवळ दुप्पट आखलं. दहा माणसं आहेत, पुन्हा पुन्हा थोडंच बांधणं होतं, असा त्यांचा विचार, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण अनुदान १ लाख २० हजारच. ते टप्प्याटप्प्यानं येतं: जोतं झालं की फोटो, भिंती वर आल्या की फोटो, मग पुढचा पैसा. मृग लागला तेव्हा भिंती खिडकीच्या वर आल्या होत्या आणि हातातला पैसा बियाणं-खतात गेला होता. काम थांबलं. दोन पावसाळे त्या बाईनं ताडपत्रीखाली काढले. मोठ्या पोरीला मामाच्या गावी ठेवलं, तिची शाळा मागे पडली. गटाच्या बैठकीत त्या आम्हाला एवढंच म्हणाल्या, "घर मांगतलं होतं माय, ह्या तं नुसत्या भित्ती झाल्या."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. आमच्याजवळही उत्तर नव्हतं.

म्हणून पुढच्या घरी आम्ही आधी फक्त बसलो. वर्धा नदीच्या बाजूचं गाव, सगळी काळी माती. सासू-सासरे, दोन भाऊ, दोन जावा, पाच लेकरं. घरकुल थोरलीच्या नावावर आलेलं. पुरुष मंडळी मिस्त्रीसोबत लांबी-रुंदी बोलत होती. आम्ही सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटते?" त्या म्हणाल्या, "घर तं होईन बापा. पन सहा महिने चूल कुठं पेटवाची, ते सांगा ना."

सगळं ठरलं ते या प्रश्नावरून. चूल कुठे जाईल, पाण्याचे गुंड कुठे राहतील, बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या नणंदेची बाज कुठे पडेल, पोरी आंघोळ कुठे करतील. मिस्त्री आधी हसला, "हे बांधकामात कुठं येते?" नंतर तोच म्हणू लागला, की आधी जागा दाखवा, मग दोरी लावतो.

पहिलं काम कापसाचं निघालं. वेचणीनंतर आपल्याकडे निम्मं घर कापसानंच भरलेलं असतं. तो विकल्याशिवाय आत पाय ठेवायला जागा नाही. भाव वाढेल म्हणून थांबायचं की विकून जागा मोकळी करायची, यावर दोन भावांची चांगलीच जुंपली. शेवटी अर्धा विकला, अर्धा शेजाऱ्याच्या कोठ्यात ठेवला. दुसरं काम न्हाणी आणि संडास. संडासाचे १२ हजार वेगळे मिळतात. बहुतेक जण ते शेवटी बांधतात, किंवा राहूनच जातं. या घरी पहिल्यांदा तेच बांधलं, मागच्या सांदवाडीत. बांधकामावर परकी माणसं दिवसभर असतात, तेव्हा घरातल्या बायापोरींनी जायचं कुठे? हा प्रश्न नकाशावर कधीच दिसत नाही.

मग जुनं घर अर्धंच उतरवलं. पूर्वेकडचा भाग कवेलूसकट तसाच ठेवला, त्यात अकरा जण दाटीवाटीनं राहिले. पश्चिमेकडे २५ चौरस मीटरचं घरकुल आखलं, एक ओळ जास्त नाही. मोठ्या दिराला ते फार कमी वाटत होतं. आम्ही त्याला त्या ताईंच्या अर्धवट भिंती दाखवायला घेऊन गेलो. येताना तो गाडीवर गप्प होता. पुढे वाढवता येईल अशा बेतानं एका बाजूला कॉलमच्या सळ्या सोडल्या आणि गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचं पाणी फासून ठेवलं.

तरीही घात व्हायचा तो झालाच. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, वरवरचा पाया दोन वर्षांत भिंतीला चीर देतो. खोल खणलं ते बरोबरच. पण खड्डा जुन्या मातीच्या भिंतीला अगदी चिकटून गेला. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, खड्ड्यात पाणी साचलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती भिंत बसली. सासऱ्यांच्या बाजेवर पडली. बाजेचे तुकडे झाले. ते तेव्हा बैलांना पाणी दाखवायला गेले होते. हीच भिंत रात्री पडती तर काय झालं असतं, हे त्या घरात कोणी बोललं नाही. पण त्या रात्री सगळे अंगणात झोपले.

मैत्रिणींनो, एवढं मात्र नीट ऐका. राहत्या मातीच्या भिंतीला लागून पाया खणू देऊ नका. मधे अंतर सोडा. अंतर सोडणं शक्यच नसेल, तर एका दमात सगळी लांबी न खणता थोडं थोडं खणा, भरा, मग पुढे जा. भिंतीला लाकडी टेकू लावा. पाऊस झाला की त्या भिंतीजवळ कोणी झोपू नये. मिस्त्री घाईत असतो, त्याला दुसरीकडे कामावर जायचं असतं. झोपणारी माणसं आपली असतात.

आता पाण्याचं. स्लॅब पडला की घरची माणसं पेढे वाटतात आणि बायांचं काम सुरू होतं. आपल्याकडच्या वैशाखात स्लॅबला किमान चौदा दिवस पाणी हवं, नाहीतर तो कच्चा राहतो. वर मातीची आळी करून पाणी साठवायचं, भिंतींना ओली पोती लावायची. हे पाणी आणतं कोण? दोघी जावा सकाळी चारला उठून विहिरीवर जायच्या. याची मजुरी कोणी धरत नाही. म्हणून आम्ही विचारलं, घरकुलाला रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी मिळते, हजेरीपटावर नावं कोणाची आहेत? दोघा भावांचीच होती. मग दोघींची नावं चढवली. स्वतःच्या बांधकामावर खपल्याचे पैसे स्वतःच्या खात्यात आले. धाकटी म्हणाली, घरच्या कामाचा पैसा पहिल्यांदा पाहिला.

स्लॅबखाली टेकू उभे होते, ते दिवस मजेचेही होते. लेकरं बल्ल्यांच्या मधून लपाछपी खेळायची, आजी ओरडायच्या.

बायांनी बांधकामात लक्ष घालणं हे आमच्यापासून सुरू झालेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची ५२ गावं नव्या जागी वसवली, ते आपल्याला माहीत असतं. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत लोकांनी होत्या त्याच जागी, स्वतःची घरं स्वतः दुरुस्त आणि मजबूत केली, हप्त्याहप्त्यानं पैसा घेऊन. तिथे स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. दगडी भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरचं मातीचं ओझं कमी का करायचं, हे त्या घरोघरी समजावून सांगत. शाळा थोडीच शिकलेल्या बाया इंजिनिअरला प्रश्न विचारत. आपल्याकडे भूकंप नाही, काळी माती आहे. प्रश्न मात्र विचारता येतात. भिंती वर आल्या की पट्टा कुठून फिरवणार, सळई किती जाडीची, रेतीत माती किती, एवढे तीन जरी विचारले तरी मिस्त्री सावध होतो.

आता त्या घरातलं अवघड ते सांगतो. स्लॅब झाला, आणि एके दिवशी गटाच्या बैठकीत धाकटी उठून म्हणाली, "पानी म्या बी वाह्यलं. घर जाऊबाईच्या नावावर. माहं काय?"

सगळ्या गप्प. थोरलीही तिथेच बसलेली. या योजनेत घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हावं, हे आपण नेहमी सांगतो आणि ते खरंच आहे. पण एका घरात दोन जावा असल्या तर एकीचं नाव लागलं की दुसरी बाहेरच राहते, हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं. थोरली आधी रागावली. मग रडली. म्हणाली, मी काय हिला हाकलणार आहे? धाकटी म्हणाली, तू नाही हाकलणार, पण तुह्या पोराची बायको?

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढच्या तीन बैठकांत हळूहळू ठरलं. जुना अर्धा भाग, कवेलूचा, धाकटीच्या वाट्याचा. सासऱ्यांनी ग्रामपंचायतीत तसा अर्ज दिला, नमुना आठला त्या भागाची नोंद वेगळी करून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव लावायला. घरकुलाच्या सर्वेक्षणात तिच्या कुटुंबाचंही नाव गेलं. मंजुरी येईल तेव्हा येईल. तोवर थोरलीनं नव्या खोलीतला एक कोनाडा तिला दिला आहे, पेटी आणि गटाची वही ठेवायला.

गंमत म्हणजे यंदाच्या मे महिन्यात ते सगळे जुन्याच भागात झोपले. स्लॅबची खोली भट्टीसारखी तापते, कवेलूखाली वारा खेळतो. आता स्लॅबवर चुना मारणार आहेत. थोरली म्हणते, पुढच्या वेळी खिडकी समोरासमोर ठेवायची. आजीची चूल अजून मधल्या छपरीतच आहे, ना नव्यात ना जुन्यात. तिथून त्यांना दोन्हीकडचं दिसतं.

धाकटीच्या बाजूचं काम लागलं, की पाया कुठून खणायचा ते आधीच ठरलं आहे. आजींनी स्वतः खडूनं रेघ मारून ठेवली आहे, भिंतीपासून चांगली चार हात दूर.