कोरी जागा कोरी राहू द्या



समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. माझ्याआधी ही जबाबदारी सांभाळणाऱ्यांपैकी दोघांच्या हाताखाली मी शिकलो. त्यांचं स्मरण करून विषयाकडे वळतो.

उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान मोजण्याच्या कामाचा आढावा मी घ्यावा, अशी अपेक्षा आहे. 1981 साली नोआ-7 या उपग्रहाबरोबर एव्हीएचआरआर हा पाच पट्ट्यांचा प्रारणमापक वर गेला. 11 आणि 12 मायक्रॉनच्या दोन अवरक्त पट्ट्यांमधल्या फरकावरून हवेतल्या बाष्पाने किती उष्णता गिळली याचा हिशेब बसू लागला. 1991 मध्ये ईआरएस-1 या उपग्रहावरच्या उपकरणाने समुद्राचा तोच ठिपका दोन कोनांतून पाहिला. 1997 मध्ये टीआरएमएम या उपग्रहाच्या सूक्ष्मतरंग उपकरणाने ढगांआडचं उष्ण कटिबंधातलं पाणी दाखवलं. आपल्याकडे 1979 चा भास्कर-1, 1999 चा ओशनसॅट-1, 2013 चा इन्सॅट-3डी आणि 2022 चा ओशनसॅट-3, अशी ही वाट आहे. या वाटेवर ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांतले कित्येक जण समोर बसले आहेत. त्यांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे.

आढावा इथेच थांबवतो. वीस वर्षं मनात साचलेली एकच गोष्ट मला आज सांगायची आहे. आपण नकाशावरची कोरी जागा रंगाने भरतो, आणि ती भरली आहे हे कोणाला सांगत नाही.

जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर ढगांचं छत असतं. अवरक्त किरण ढगांतून येत नाहीत. सूक्ष्मतरंग येतात, पण जोराचा पाऊस त्यांनाही अडवतो. शिवाय त्यांचा एकेक ठिपका पन्नासेक किलोमीटरचा, म्हणून किनाऱ्यालगतच्या साधारण 50 ते 100 किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीचं प्रारण त्यांत मिसळतं आणि तो आकडा टाकून द्यावा लागतो. म्हणजे डहाणूपासून काणकोणपर्यंतचं किनाऱ्याजवळचं पाणी ऐन पावसाळ्यात उपग्रहाला जवळजवळ दिसतच नाही. तरीही जुलैतला कुठलाही दैनिक नकाशा उघडा, किनारा अखंड रंगलेला असतो. आजूबाजूचे आकडे, मागच्या दिवसांचे आकडे आणि वर्षानुवर्षांची सरासरी यांवरून तो रंग बेतलेला असतो. बेतण्याला माझा विरोध नाही. बेतल्याशिवाय हवामानाचं प्रारूप चालणार नाही, हे मला कळतं. कुठे किती चूक संभवते याचा हिशेबही मूळ फाईलमध्ये असतो. पण चित्र काढताना तो मागे राहतो आणि निर्णय चित्रावर होतात.

एका जुलै महिन्यात मला एका कार्यालयाने बैठकीला बोलावलं होतं. पडद्यावर कोकणचा किनारा होता, त्याच्यापुढे नारिंगी रंगाचा ठसठशीत डाग. पाणी तापलं आहे, असं धरून तासभर चर्चा झाली. या डागात प्रत्यक्ष निरीक्षणं किती, असं मी विचारलं. संगणकावरच्या तरुणाने फाईल उघडली, बराच वेळ पाहिली आणि हळू आवाजात म्हणाला, "अकरा दिवसांत एकही नाही, सर." खोलीत क्षणभर शांतता झाली, आणि मग पुढची सरकचित्रं सुरू झाली. ती शांतता मी अजून विसरलेलो नाही.

मोजलेल्या आकड्यांबद्दलही आपल्यात एक जुना वाद आहे: अवरक्त आकडा खरा की पाण्यातल्या थर्मामीटरचा? कालच्या सत्रातही त्यावरून आवाज चढले. मला त्याचं उत्तर नव्वदच्या दशकात एका एप्रिलमध्ये जहाजावर मिळालं. रत्नागिरीच्या पश्चिमेला आम्ही उभे होतो. दोन दिवस वारा पडलेला, पाणी तेलासारखं. दुपारी दोनला मी कॅनव्हासची बादली खाली सोडली, भरून वर ओढली, सावलीत पाठमोरा उभा राहिलो आणि मिनिटभरात आकडा वाचला. उशीर केला की कॅनव्हासमधून पाणी उडून जातं आणि बादली गार पडते. आकडा आला 31.4 अंश. जहाजाच्या तळाशी, पाच मीटरवर, संवेदक 29.3 दाखवत होता. त्याच दुपारच्या उपग्रहाचा आकडा बादलीपेक्षाही किंचित वर होता. संध्याकाळी वारा सुटला, लाटा उठल्या आणि रात्री नऊला बादली आणि संवेदक यांच्यात दशांशाचा फरक उरला.

तिन्ही आकडे खरे होते. अवरक्त उपकरण पाण्याची त्वचा पाहतं, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याइतकी. सूक्ष्मतरंग मिलिमीटरभर आत जातात. बादली वीतभर खोलीचं पाणी आणते. वादळाला मात्र खालच्या पन्नास-शंभर मीटरची ऊब लागते. 2020 चं निसर्ग किंवा 2021 चं तौक्ते नुसत्या त्वचेच्या उष्णतेवर पोसलेलं नव्हतं. तेव्हा कोण खरा, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या थराचा, किती वाजता, किती वाऱ्यात, हे आकड्याबरोबर लिहिलं नाही तर आकडा मुका होतो.

बादलीचा काळ संपला, असं माझे तरुण सहकारी म्हणतात. त्यांनी 1982 आठवावं. त्या वसंतात मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या धुरळ्यामुळे उपग्रहांना पाणी प्रत्यक्षाहून गार दिसू लागलं. प्रशांत महासागरातल्या जहाजांचे गरम आकडे आले, पण सरासरीपासून फार दूर आहेत म्हणून तपासणीत गळले. विसाव्या शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक बराच वाढेपर्यंत जगाला उमगला नाही. त्यानंतर विषुववृत्तावर बोयांची रांग उभी राहिली. उपग्रहांच्या अनेक सूत्रांतले गुणक अखेर बोयांच्या आकड्यांवरून काढले जातात. पाण्यातला थर्मामीटर काढून घेतलात, तर वरचा डोळा आपली चूक कोणाला विचारणार?

माझी तक्रार आहे ती प्रामाणिकपणाबद्दल, आणि तो कसा असतो हे मला एका तांडेलाने दाखवलं. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून मासेमारीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना बंदरांवर येते. पृष्ठतापमान आणि हरितद्रव्य यांच्या सीमारेषा पाहून दिशा, अंतर आणि खोली सांगितली जाते. आकाश ढगाळ असलं की सूचना निघत नाही. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी धक्क्यावर होतो आणि सूचनेच्या फळ्यावर काही नव्हतं. मला वाईट वाटलं, तसं मी तांडेलाला बोललो. जाळ्याची गाठ मारतामारता तो म्हणाला, "कोरा फळा मला चालतो, साहेब. मग मी माझ्या अंगच्या अंदाजाने जातो, नाहीतर जाळी शिवत बसतो. खोट्या फळ्यावर मात्र दोनशे लिटर डिझेल जातं." धक्क्यावरच्या माणसाला जे दिलं जातं, ते आपल्या प्रबंधांना आणि बैठकांना का मिळू नये?

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा प्रबंध माझ्याकडे परीक्षणाला आला. कोकण किनाऱ्याच्या पावसाळी तापमानाचा कल, असा विषय. मी एकच प्रश्न लिहून तो परत पाठवला: यातले किती आकडे मोजलेले आहेत? तिचं वर्ष वाया गेलं, आणि त्याचं दुःख मला आजही आहे. पण वर्षाने तिने जो नकाशा आणला, त्यात मोजलेले ठिपके रंगीत होते आणि बाकीचं सगळं पांढरं. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यालगत एक लांब पांढरी पट्टी होती. एवढी वर्षं आपण ज्या पाण्याबद्दल छातीठोक बोलत होतो, ते किती कमी पाहिलं आहे हे मला त्या पट्टीने सांगितलं.

तेव्हा माझ्या मागण्या. प्रत्येक नकाशाशेजारी निरीक्षणांचा नकाशा छापावा. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी रोज ठरल्या वेळी पाण्याचं तापमान घ्यावं. मासेमारी बंदी उठली की ज्या बोटी तयार असतील त्यांवर थर्मामीटर द्यावेत. हे कोणी करायचं आणि पैसा कुठून आणायचा, याचा आराखडा माझ्याजवळ नाही. तो या सभागृहाने करावा, आणि पुढच्या अधिवेशनात इथे उभ्या राहणाऱ्याने त्याचा हिशेब मागावा.

तो पांढऱ्या पट्टीचा नकाशा माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. निवृत्तीनंतर खोली रिकामी केली तेव्हा तेवढा एकच कागद मी घरी नेला. कोणीतरी त्या पट्टीत एक ठिपका भरावा, बादलीने का होईना, पण मोजून भरावा, एवढीच इच्छा आहे.