मुलाखतीनंतरचे पत्र



स्मृतिव्याख्यानासाठी विषय कळवावा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा अहिराणीवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असावी. मी निवडलेला विषय त्या मानाने फारच लहान आहे. नोकरीची मुलाखत देऊन आलेल्या उमेदवाराने मुलाखत घेणाऱ्यांना आभाराचे पत्र पाठवावे की नाही, एवढाच. हा प्रश्न डिंडोलीतल्याच एका वाणिज्य पदवीधर मुलीने मला विचारला. तिच्या क्लासमध्ये सांगितले होते की, दुसऱ्या दिवशीच ई-मेल गेला पाहिजे. आयुष्य लूमवर काढलेल्या तिच्या वडिलांचे म्हणणे पडले की, असे लिहिणे म्हणजे साहेबाच्या मागे लागणे. मला दोघांचेही म्हणणे विचार करण्याजोगे वाटले, वडिलांचे अधिक.

वडिलांचा संकोच कोठून आला, हे आपली भाषाच सांगते. नोकरी, चाकरी, अर्ज, उमेदवार, मुलाखत, शिफारस, वशिला हे सारे शब्द आपल्याकडे फारसी-अरबीच्या वाटेने, म्हणजे दरबाराच्या वाटेने आले. (पगार तेवढा पोर्तुगीजांचा!) उमेदवार म्हणजे उमेद धरून बसलेला. इंग्रजी अमदानीत कचेरीत नेमणुकीच्या आशेने बिनपगारी राबणे यालाच 'उमेदवारी करणे' म्हणत. मुलाखत या शब्दाचा मूळ अर्थ नुसती भेट. पण दरबारातली भेट रिकाम्या हाताने होत नसे, तेथे नजराणा लागे. अशा शब्दांच्या संगतीत 'आभार' हा संस्कृत शब्द येऊन बसला की त्यालाही आर्जवाचा वास लागतो. त्याच्या पोटात 'भार' आहेच. ज्याचे आभार मानायचे त्याचे ओझे आपल्यावर, असा त्याचा ध्वनी आहे.

दुसरे कारण आपल्या वस्तीच्या इतिहासात आहे. तापी खोऱ्यातल्या रेल्वेने खानदेश सुरतेला जोडला आणि पुढे नंदुरबार, शहादा, शिरपूर, अमळनेर या बाजूची माणसे उधना, लिंबायत, डिंडोली येथे येऊन राहिली. त्यांना नोकरी मिळाली ती अर्जाने नव्हे. गावचा कोणी आधी आलेला असे, तो शेठकडे किंवा मास्तरकडे घेऊन जाई. हात चालतो की नाही हे मशीनवर उभे करून पाहत, आणि तीच मुलाखत. ज्याने काम लावून दिले त्याला कोणी 'धन्यवाद' म्हटले नाही. पुढच्या हंगामात गावाकडून दुसरा मुलगा आला की त्याला आपल्या खोलीत ठेवून घ्यायचे, त्याच्या जेवणाची सोय करायची आणि त्याला कामावर न्यायचे, अशी ती फेड होती. घेतले एकाकडून आणि फेडले दुसऱ्याला! या व्यवस्थेत जातीपातीचे आणि ठेकेदारीचे दोष होते, ते मी झाकत नाही. पण कृतज्ञता नव्हती असे कोणी म्हणू नये. ती कागदावर नव्हती, इतकेच.

त्या खोल्यांतून वाढलेली मुले आज बँकेत, विमा कंपनीत, हजीऱ्याच्या कारखान्यांत मुलाखतीला जातात. टेबलापलीकडचा माणूस त्यांच्या गावचा नसतो. त्याच्याशी अर्ध्या तासाचा संबंध, आणि तोही बहुधा इंग्रजीत. या परक्या संबंधासाठी एक परका शिष्टाचार आला आहे. अमेरिकेत पाहुणचार घेतल्यावर आभाराची चिठ्ठी धाडणे हा जुना घरगुती रिवाज. एमिली पोस्ट यांच्या १९२२ सालच्या शिष्टाचारावरील पुस्तकासारख्या ग्रंथांनी असे रिवाज सामान्य कुटुंबांपर्यंत नेले. घरातली ती चिठ्ठी तिकडे कचेरीतही शिरली, आणि आता क्लासच्या द्वारे आपल्याकडे आली आहे. परका म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. पोस्टकार्ड तरी आपले कोठे होते? १८७९ साली ते हिंदुस्थानात सुरू झाले आणि दोन पिढ्यांत आपल्या सासुरवाशिणींचे झाले.

तेव्हा माझे मत सांगतो. खाजगी संस्थेत समोरासमोर बोलणे झाले असेल, तर पत्र लिहावे. सरकारी निवडीत मुळीच लिहू नये. सरकारी जाहिरातींत नेहमी एक ओळ असते : निवडीसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष दबाव आणणारा उमेदवार अपात्र ठरेल. निकालापूर्वी मंडळाच्या सदस्याला गेलेले गोड पत्र त्या ओळीच्या फार जवळ जाते. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखतीच बंद केल्या, त्या अशाच वशिल्याच्या तक्रारींमुळे. वडिलांचा संकोच येथे पूर्णपणे बरोबर आहे.

निवड समित्यांवर मी पुष्कळ वर्षे बसलो. नंतर आलेली पत्रे थोडी, आणि त्यांतली बहुतेक निरुपयोगी. 'आपल्यासारख्या विद्वानांचे दर्शन घडले' या छापाची. ती वाचून माणूस संकोचतो. पण एक पत्र लक्षात राहिले. त्या तरुणाची निवड झाली नव्हती, आणि ते त्याला कळलेही होते. मुलाखतीत मी त्याला साने गुरुजींच्या 'सुंदर पत्रे'विषयी विचारले होते, आणि पुस्तक वाचले नसल्याचे त्याने सरळ सांगितले होते. पत्रात त्याने लिहिले की, ते पुस्तक आता वाचले, आणि गुरुजी पुतणीला इतके लिहितात पण तिच्याकडे मागत काहीच नाहीत, हे विशेष वाटले. पत्र एवढेच होते. त्यात आभाराचा शब्द होता की नाही, हे मला आठवत नाही.

अशा पत्राचे मोल कळते म्हणूनच एक गोष्ट जोर देऊन सांगितली पाहिजे. पत्र न आल्याचा दोष उमेदवाराच्या खाती मांडणे अन्यायाचे आहे. काही अधिकारी अभिमानाने सांगतात की, आभार न मानणाऱ्याला आम्ही घेत नाही. मला हे शिष्टाचाराचे नव्हे, वर्गाचे लक्षण वाटते. ज्याच्या घरी वडील आणि काका कचेरीत आहेत त्याला हे जेवणाच्या ताटावर कळते. ज्याचे वडील रात्रपाळीहून येऊन झोपलेले असतात त्याला ते कोण सांगणार? परीक्षेत नसलेल्या प्रश्नाचे गुण कापणे याला आम्ही मास्तरलोक पक्षपात म्हणतो.

आणि आभार एकाच बाजूने का? मुलाखतीला येणारा मुलगा एका दिवसाची रोजी बुडवतो, शर्टाला इस्त्री करवतो, वापी किंवा भरूचपर्यंत भाडे खर्चून जातो, तीन तास बाकावर बसतो. नंतर महिनोन्‌महिने संस्थेकडून अक्षर येत नाही. आई रोज विचारते, 'काही कळलं का?' निवड झाली नाही, एवढे कळवायला आज पोस्टाचे तिकीटही लागत नाही. अशा संस्थांनी उमेदवारांच्या सौजन्याविषयी बोलावे, हे मला फार विनोदी वाटते. आपल्यापैकी कितीतरी माजी विद्यार्थी आता टेबलाच्या त्या बाजूला बसतात. कोणाची दुकाने आहेत, कोणाचे कारखाने. प्रत्येक उमेदवाराला, नकार असला तरी, आठवड्याच्या आत उत्तर द्यावे, ही विनंती मी त्यांना या व्यासपीठावरून जाहीरपणे करतो.

आता पत्र कसे असावे ते सांगतो, कारण येथे नववी-दहावीचे विद्यार्थीही बसले आहेत. आपल्या जुन्या पत्रांना मायना असे. वडिलांना 'तीर्थरूप', बरोबरीच्याला 'स. न. वि. वि.', शेवटी 'लोभ असावा'. कोणाशी आपले नाते काय, हे मायना ठरवी. मुलाखत घेणारा तीर्थरूप नाही आणि स्नेहीही नाही, म्हणून लेखणी अडखळते. त्याला 'महोदय' किंवा 'महोदया' पुरे. 'लोभ' येथे मागू नये. 'उपकार', 'कृपा', 'गरीब परिस्थिती' हे शब्द तर अजिबात नकोत. गरिबी ही लाजेची गोष्ट नाही, पण ती वशिला म्हणूनही वापरायची नसते. कोणत्या तारखेला, कोणत्या जागेसाठी भेट झाली ते लिहावे. बोलण्यातली एक खरी गोष्ट लिहावी. एखादे उत्तर अपुरे राहिले असेल तर दोन ओळींत ते पुरे करावे. वेळ दिल्याबद्दल आभार मानावेत, 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू' लिहून सही करावी आणि थांबावे. मुलाखत ज्या भाषेत झाली त्या भाषेत लिहावे. गुजरातीत झाली असेल तर गुजरातीत. 'आभार' हा शब्द तेथेही हाच आहे. शाळेने दहावीच्या पत्रलेखनाच्या तासाला शुभेच्छापत्र आणि तक्रारपत्र यांच्या जोडीला असे एक पत्र मुलांकडून लिहून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. त्याच तासाला दुसरेही एक पत्र लिहून घ्यावे : विद्यार्थ्याने स्वतःला कारखान्याचा मालक समजावे, आणि ज्याला नोकरी देता आली नाही त्या उमेदवाराला तसे कळवावे.