मतदानाआधीची निवड : आयोवा आणि न्यू हॅम्पशर

(पक्ष कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली. त्याला दोन महिनेही उलटले नव्हते, तोच पराभूत डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार वॉल्झ आयोवा राज्यात सभा घेताना दिसले. एप्रिलअखेर इलिनॉयचे गव्हर्नर प्रिट्झकर न्यू हॅम्पशरमध्ये गरजले. हे गृहस्थ हयात हॉटेलांच्या मालक घराण्यातील अब्जाधीश आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो. मे महिन्यात बुटिजेज आयोवातील सीडर रॅपिड्सला गेले, जुलैत कॅलिफोर्नियाचे न्यूसम साउथ कॅरोलायनाच्या ग्रामीण भागात फिरले. पुढची निवडणूक २०२८च्या नोव्हेंबरात. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ बाकी होता. तरीही या मंडळींना हीच दोन-तीन राज्ये का आठवावीत? त्या राज्यांचा पुळका आला म्हणून नव्हे. उमेदवार निवडण्याची पक्षांतर्गत प्रक्रिया परंपरेने तेथून सुरू होत आली आहे. तेथे जो पडला तो बहुधा संपला. तेथे जो अनपेक्षितपणे चमकला त्याच्या दाराशी वार्ताहर आणि देणगीदार या दोघांचीही रीघ लागते.

आयोवाची वस्ती सुमारे बत्तीस लाख. २०२४ साली रिपब्लिकन अधिवेशनाच्या २,४२९ प्रतिनिधींपैकी आयोवाचे प्रतिनिधी होते अवघे ४०. त्या वर्षी १५ जानेवारीला, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, सुमारे एक लाख दहा हजार लोक घराबाहेर पडले आणि ट्रम्प यांना ५१ टक्के मते मिळाली. तेवढ्यावर ‘स्पर्धा आटोपली’ असा निर्वाळा देऊन वृत्तपत्रे मोकळी झाली!

ही प्रथा काही अमेरिकन राज्यघटनेत लिहिलेली नाही. तिचा जन्म एका जनआंदोलनातून झाला, आणि आज मला प्रामुख्याने हेच सांगावयाचे आहे. १९६८ साली व्हिएतनाममधील साम्राज्यवादी युद्ध ऐन भरात होते. त्या युद्धाला विरोध करणारे सिनेटर यूजीन मॅकार्थी न्यू हॅम्पशरमध्ये उभे राहिले. विद्यापीठांतील शेकडो तरुण, दाढ्या करून आणि केस कापून, म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांना बिचकायला होऊ नये म्हणून, बर्फातून दारोदार फिरले. १२ मार्चला मॅकार्थी यांना ४२ टक्के मते पडली; अध्यक्ष जॉन्सन यांना ४९. आकड्यांच्या हिशेबात जॉन्सन जिंकले. पण ३१ मार्चला त्यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले. व्हिएतनामी जनतेच्या झुंजीचा आणि अमेरिकेतील युद्धविरोधी तरुणांचा तो संयुक्त तडाखा होता.

परंतु पक्षाच्या धुरीणांनी काय केले? एकाही राज्याची प्रायमरी न लढलेल्या हम्फ्री यांना त्यांनी शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी बहाल केली, आणि सभागृहाबाहेर पोलिसांनी निदर्शकांची डोकी फोडली. या निर्लज्जपणाने पक्षाची इतकी नाचक्की झाली की, नियम बदलण्यासाठी आयोग नेमावा लागला. प्रतिनिधींची निवड बंद खोलीत न होता उघड व्हावी, सभांची सूचना आगाऊ मिळावी, असे ठरले. आयोवात गावपातळीपासून राज्यपातळीपर्यंत टप्प्याटप्प्याने सभा घ्याव्या लागत. मध्ये पुरेसे दिवस सोडायचे म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाने पहिली सभा मागे ओढली, ती १९७२च्या जानेवारीत आली आणि देशात पहिली ठरली. १९७६ साली जॉर्जियाचे फारसे परिचित नसलेले माजी गव्हर्नर कार्टर यांनी हे हेरले. वर्षभर आधीपासून ते तेथे तळ देऊन राहिले. प्रत्यक्षात त्या वर्षी सर्वांत मोठा गट ‘कोणालाच बांधील नाही’ असे म्हणणाऱ्यांचा होता. कार्टर त्याच्या मागे होते. तरीही वृत्तपत्रांनी त्यांना विजयी ठरवले, आणि ते अध्यक्ष झाले.

मित्रहो, जे दार युद्धविरोधी तरुणांनी धडका देऊन उघडले, त्याच दाराने थैल्या आत शिरल्या. १९७६ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीवरील खर्चाला भाषणस्वातंत्र्याचे कवच बहाल केले. २०१० साली त्याच न्यायालयाने कंपन्यांनाही, उमेदवारापासून ‘स्वतंत्र’ राहून, वाटेल तेवढा पैसा ओतण्याची मुभा दिली. पुढच्याच वर्षी, २०११च्या ऑगस्टमध्ये, आयोवाच्या जत्रेत एक प्रसंग घडला. ही जत्रा म्हणजे तेथला मोठा उत्सव. लोण्याची गाय घडवतात, डुकरांची स्पर्धा लागते आणि उमेदवार गवताच्या भाऱ्यांवर उभे राहून भाषणे करतात. रॉम्नी बोलत असताना, कंपन्यांवर कर का वाढवत नाही, असे गर्दीतून कोणी ओरडले. रॉम्नींनी उत्तर दिले की, मित्रा, कंपन्या म्हणजे माणसेच! भांडवलदारी लोकशाहीचे तत्त्वज्ञान इतक्या थोडक्यात आणि इतक्या प्रामाणिकपणे आमच्या अभ्यासवर्गांतही कोणी मांडले नसेल.

पहिले मत पडण्याआधीच पैशाची एक निवडणूक होऊन जाते. कमला हॅरिस यांनी ३ डिसेंबर २०१९ रोजी, आयोवाच्या सभांना दोन महिने असताना, पैसा उरला नाही म्हणून माघार घेतली. आपल्याकडील बड्या वृत्तपत्रांना भारतीय वंशाच्या नावांचे फार कौतुक. पण ज्या कारणासाठी ते नाव यादीतून गळाले, त्यावर किती अग्रलेख आले? २०२४ला तर घरोघर जाण्याचे कामही फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस यांनी धनिकांच्या निधीवर चालणाऱ्या एका संस्थेकडे सोपवले; पगारी माणसे दारे ठोठावत फिरली. राज्यातील सर्वच्या सर्व ९९ काउंट्या पालथ्या घालून त्यांना २१ टक्के मते मिळाली.

आपल्या देशातही निवडणूक रोख्यांच्या पडद्याआडून कंपन्यांचा पैसा कसा वाहिला, हे १५ फेब्रुवारी २०२४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उघड झाले. कम्युनिस्ट पक्षांनी ते रोखे घेतले नव्हते, हे येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. तेव्हा अमेरिकेला हसताना थोडे जपून हसावे.

आता त्या राज्यातल्या श्रमिकांकडे वळू. ‘साधाभोळा गोरा शेतकरी’ या वृत्तपत्री चित्रात ते कुठेच दिसत नाहीत. मक्याच्या या प्रदेशाला आपणही थोडे ओळखतो. १९५९च्या सप्टेंबरात ख्रुश्चेव्ह कून रॅपिड्स येथील गार्स्ट यांच्या शेतावर गेले होते, ते याच राज्यात. १९४८ साली शीतयुद्धाला विरोध करून तिसऱ्या पक्षातर्फे उभे राहिलेले हेन्री वॉलेस याच मातीतले. १९८०च्या दशकात चढ्या व्याजाने आणि पडत्या भावाने येथला शेतकरी चिरडला. जमिनीच्या किमती पाच-सहा वर्षांत निम्म्याहून खाली आल्या. लिलावात गेलेल्या शेतांची आठवण म्हणून कचेऱ्यांच्या आवारात लोकांनी पांढरे क्रूस रोवले. विदर्भातील कोणाही कॉम्रेडला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्या काळात जेसी जॅक्सन या कृष्णवर्णीय नेत्याने १९८८च्या प्रचाराची कचेरी ग्रीनफिल्ड नावाच्या लहानशा, जवळजवळ सर्व गोऱ्यांच्या गावात उघडली. लिलावात निघालेले शेत आणि टाळे लागलेला कारखाना यांचा शत्रू एकच, असे ते सांगत. ते जिंकले नाहीत. पण वर्णभेदाची भिंत वर्गाच्या प्रश्नावर कशी तडकते, हे त्या गावाने पाहिले.

त्याच राज्यात ओटम्वा नावाचे गाव आहे. १९८६च्या जानेवारीत शेजारच्या मिनेसोटातील मांस-कारखान्याचे संपकरी तेथे आले, तेव्हा ओटम्वाच्या कामगारांनी त्यांची पिकेट रेषा ओलांडण्यास नकार दिला. कंपनीने सुमारे पाचशे जणांना कामावरून काढले. पुढे तिने कारखानाच बंद केला. दुसऱ्या कंपनीने तो कमी मजुरीवर चालू केला. आज तेथे डुकरे कापण्याच्या पट्ट्यावर जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कामगार उभे असतात.

कॉकस म्हणजे संध्याकाळी सात वाजता शाळेत किंवा चर्चमध्ये भरणारी पक्षसभा. स्वतः हजर राहायचे आणि तास-दोन तास थांबायचे. ज्याची दुसरी पाळी आहे त्याने काय करावे? शेजाऱ्यांनी एकत्र बसून चर्चा करण्याची ही पद्धत थोर, असे तिचे गोडवे गाणाऱ्यांना हा प्रश्न कित्येक वर्षे पडला नाही. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाने प्रथमच काही ठिकाणी वेगळ्या वेळी सभा घेऊ दिल्या. ३ फेब्रुवारीला दुपारी, पाळी सुरू होण्यापूर्वी, ओटम्वाच्या मांस-कामगार युनियनच्या हॉलमध्ये पंधरा जण जमले. बहुतेक इथिओपियातून आलेले. चौदा सँडर्सच्या बाजूला उभे राहिले, एक वॉरनच्या. सभा आटोपून ते कामावर गेले. त्या रात्री निकाल कळवण्याची संगणकी यंत्रणा कोसळली आणि साऱ्या राज्याचा निकाल दिवसेंदिवस लोंबकळला. युनियनच्या हॉलमधली मोजणी मात्र दुपारीच चोख झाली होती.

या गोंधळानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ला आयोवाचा पहिला मान काढून घेतला आणि साउथ कॅरोलायनाला दिला. पण २०२०च्या फेब्रुवारीत उमेदवार, कॅमेरे आणि पगारी प्रचारक एका रात्रीत राज्य सोडून गेले, त्यानंतरची हकीकत फारशी कोणी लिहिली नाही. एप्रिलमध्ये वॉटर्लू येथील टायसन कंपनीच्या मांस-कारखान्यात करोनाची साथ घुसली. एक हजाराहून अधिक कामगारांना लागण झाली, काही मरण पावले. पट्ट्यावर खांद्याला खांदा लावून उभे राहावे लागते, दोन हात अंतर ठेवायला जागा कुठली? २८ एप्रिलला ट्रम्प यांनी युद्धकाळासाठी केलेल्या कायद्याचा आधार घेऊन आदेश काढला : मांस-कारखाने चालू राहिले पाहिजेत. कामगार मास्क, अंतर आणि पगारी रजा मागत होते.